हवा किती आहे

शुक्रवारी पहाटे साडेचारला
रुवीतून निघाले की रस्त्यावर फक्त सफाईवाले
आणि नमाजाला निघालेला एखादा म्हातारा.
हवेत इतकं पाणी
की चष्मा पुसत पुसतच हमरिया गाठायचं.

सायकल नवी. म्हणजे मला नवी.
आधी ती फर्गस नावाच्या एका सर्व्हेअरची होती,
मस्कत सोडताना त्याने फ्रीजबरोबर विकून टाकली.
कार्बनची. काळी. साडेसात किलो.
दोन बोटांवर उचलून दाखवली मी घरी,
तर धाकटी म्हणाली, "आई, मोडेल ना गं?"

मोडली नाही.
कंताबच्या चढावर पेडलवर उभी राहिले
की पायातला जोर वाटेत कुठेच सांडत नव्हता.
माझी जुनी स्टीलची
तळाशी, क्रँकपाशी, जराशी कलायची,
होकार देण्याआधी मान डोलावणाऱ्या माणसासारखी,
आणि मग चढायची.
हिला डोलावणं ठाऊक नाही.
दाबलं की निघाली.

पण उतारावर
डांबरातला एकेक खडा
तळहातावर मोजून द्यायची,
उधारी फेडल्यासारखा.
तिसऱ्या आठवड्यात करंगळी बधिर झाली.
मग तिच्या शेजारची.

मी पाइपांचा ताण काढते. पोटापाण्याचं कामच ते.
तापलेली लाइन सरळ नाकासमोर नेली
तर वाढता वाढता पंपाचं तोंडच उपटेल,
म्हणून मधेच तिला वळसा द्यायचा,
मुद्दाम, चांगला ऐसपैस,
तिला हलायला जागा.
नवी पोरं म्हणतात, मॅडम, केवढा पाइप फुकट जातो.
जाऊ दे, म्हणते मी.

एवढं कळत असून
दोष मात्र मी फ्रेमलाच देत राहिले, दीड वर्ष.
मोडेन पण वाकणार नाही,
हे आमच्याकडे दुधाबरोबर पाजतात.
कुणाला ताठ म्हटलं
की आधी कौतुक वाटतं,
पाठ नंतर दुखते.

अमरातच्या उतारावर वाळूत घसरले होते एकदा,
खांद्यापुढच्या हाडात तेव्हाची पट्टी आहे
टायटॅनियमची, सहा स्क्रूंची.
डॉक्टर लामिया म्हणाल्या होत्या,
फार ताठ पट्टी असली की सगळा भार तीच घेते
आणि हाड आळसावतं.
पातळ होत जातं आतल्या आत.
जुळायचं तर
किंचित हलू द्यावं लागतं.
मी मान डोलावली होती,
भूल अजून पुरती उतरली नव्हती.

वादी कबीरच्या गल्लीत हबीब बलोचीचं दुकान.
त्याने फ्रेमला टिचकी मारून कान लावला,
कलिंगड घेताना लावतात तसा.
ही चांगली आहे, म्हणाला.
मग अंगठ्याने टायर दाबला.
दाबलाच गेला नाही.
"किती भरता?"
"एकशेवीस."
"रस्ता काचेचा आहे का, बाजी?"

व्हॉल्व्हवर नख ठेवलं त्याने.
फर्गसच्या वेळेपासूनचा माझा हट्ट
फुस्स करून
दुकानातल्या उकाड्यात मिसळला.
पुढून तीस, मागून पंचवीस.
पैसे घेतले नाहीत.
पुढचे टायर जाडे घ्या, एवढंच म्हणाला
आणि एका पोराच्या तीनचाकीकडे वळला.

विकायची जाहिरात मी लिहून ठेवली होती.
"फ्रेम अतिशय ताठ, शर्यतीसाठी उत्तम."
फोनमध्ये आहे अजून.

काल पुन्हा कंताब.
चढावर तशीच, मुलाहिजा न ठेवणारी.
खिंड ओलांडली, खाली समुद्र उजाडत होता,
कुणीतरी होडी वाळूवरून ढकलत होतं,
आणि मी उताराला लागले तर
खडे होते, सगळे होते,
फक्त आता ते दार वाजवून येत होते.

शेवटच्या वळणाआधी पुलाचा एक सांधा आहे.
तो मात्र अजूनही थेट वर येतो,
मनगट, कोपर, खांदा,
पट्टीपर्यंत, धाप्.

तेवढा येऊ दे.
पूल आला हे कळायला हवं.